मळीवर पोसलेला डायजेस्टर मक्यावर का बिथरला?

कृष्णाकाठचा_केमिस्ट | ११ जानेवारी, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मी १७ वर्षं इटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) बघतोय. सध्या अडचणीत आहे, म्हणून लिहितोय. टाकी सावरायची आहेच, पण हे झालं कसं तेही मला मुळापासून समजून घ्यायचंय.

आमच्याकडे दोन डायजेस्टर, म्हणजे हवेशिवाय सांडपाणी कुजवून बायोगॅस करणाऱ्या बंद टाक्या, प्रत्येकी ४,५०० घनमीटरच्या. रोजचं अल्कोहोल ४५ हजार लिटर, सगळं मळीचं. स्पेंटवॉश, म्हणजे अल्कोहोल काढल्यावर उरणारं सांडपाणी, रोज ४५० घनमीटर, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला १ लाख मिलिग्रॅमच्या आसपास, पीएच सव्वाचार. म्हणजे दोन्ही टाक्यांवर दर घनमीटरला रोज ५ किलो सीओडीचा भार. एकेका टाकीतून रोज ७,००० घनमीटरच्या वर गॅस निघायचा, तो बॉयलरला जायचा. वर्षानुवर्षं टाक्यांनी कधी त्रास दिला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंधनं आणली, तेव्हापासून आमच्या भागात धान्याची चर्चा सुरू झाली. यंदा आमच्याकडेही मक्याची लाइन बसली. चोथा वेगळा करणाऱ्या डिकँटरमधून निघालेला पातळ स्लॉप (मक्याचं अल्कोहोल काढल्यावर उरणारं पाणी) खरं तर आटवण्यासाठी इव्हॅपोरेटरला जायचा होता. ते काम रखडलं आणि डिसेंबरच्या अखेरीस वरून निरोप आला की २ नंबरच्या टाकीचा स्पेंटवॉश बंद करा आणि स्लॉप सोडा. मी हिशोब केला. स्लॉपची सीओडी ६० हजार. तेवढाच, म्हणजे २२५ घनमीटर दिला तरी भार ३ किलो. ५ किलो पचवणाऱ्या टाकीला ३ किलोने काय होणार? मी हो म्हटलं.

पहिले पाच दिवस छान गेले. गॅस ५,००० च्या वर. सहाव्या दिवशी ४,१००, आठव्या दिवशी २,३००. काल वरच्या काचेतून पाहिलं तर फूटभर फेस, आणि फेसावर पिवळट, लोण्यासारखा थर. नमुना काढून बोटांत चोळला तर बोटं तेलकट झाली. व्हीएफए (टाकीत साचलेली अ‍ॅसेटिक, प्रोपिऑनिकसारखी आम्लं) १,९०० वरून ६,८०० वर गेलंय. अल्कॅलिनिटी (आम्ल झेलण्याची ताकद) ९,८००. पीएच मात्र अजून ७.१, त्यामुळे शिफ्टची पोरं म्हणतात टाकी ठीक आहे. आणखी एक गोष्ट: गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड निम्म्याहून खाली आलाय.

भार कमी करूनही टाकी का बिघडली? १७ वर्षांचं मुरलेलं कल्चर एवढं नाजूक कसं? आणि नव्या खाण्याची सवय लागायला किती दिवस द्यायचे?

---

प्रवराकाठ | ११ जानेवारी, रात्री ११.०५

दादा, चर्चा उद्या करू. आत्ता कंट्रोल रूमला फोन करा आणि २ नंबरचं फीड पूर्ण बंद करा. व्हीएफए भागिले अल्कॅलिनिटी ०.६९ येतंय. ०.३ च्या वर गेलं की सावध व्हायचं असतं, ०.५ च्या वर हात आखडायचा असतो. पीएच बघू नका, तो शेवटी पडतो आणि पडला की उठत नाही.

मी दूध डेअरीच्या इटीपीत आहे. तो पिवळा थर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. सकाळी सविस्तर लिहितो.

---

नवखा_इटीपी | १२ जानेवारी, सकाळी ७.४०

आमच्याकडे एक विक्रेता येतो. त्याच्या पावडरीत अब्जावधी जिवाणू असतात, दोन दिवसांत डायजेस्टर सुधारतो असं म्हणतो. असं काही टाकून बघायला हरकत आहे का? मी नवीन आहे, चुकत असेन तर सांगा.

---

प्रवराकाठ | १२ जानेवारी, सकाळी ८.१५

नवखा, विचारलंस ते बरं केलंस. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या प्लँटने अशाच पावडरीवर मोठा खर्च केला होता, उपयोग शून्य. अशा पोत्यांत बहुतेक हवेत वाढणारे, बीजाणू करून कोरडे टिकणारे जिवाणू असतात. डायजेस्टरमध्ये अडतं ते मिथेन करणाऱ्यांपाशी, आणि त्यांना हवा सोसत नाही. ते कोरड्या पोत्यातून येत नाहीत. ते येतात दुसऱ्या चालत्या टाकीच्या गाळातून. आणि दादांकडे १ नंबरची टाकी शेजारीच उभी आहे.

आता मुख्य मुद्दा. आमच्याकडे २ वर्षांपूर्वी तुपाच्या विभागाचं धुणं थेट युएएसबीत (गाळाच्या थरातून पाणी खालून वर नेणाऱ्या, हवा नसलेल्या टाकीत) गेलं होतं. गाळ एरवी तळाशी बसतो, तो चरबी चिकटल्यावर हलका होऊन वर तरंगला आणि दोन दिवसांत निम्मा वाहून गेला. तेव्हा शिकलो की चरबी सीओडीच्या आकड्यात वेगळी दिसत नाही. साखरेची १ किलो सीओडी आणि तुपाची १ किलो सीओडी कागदावर सारखी, टाकीत अजिबात सारखी नाही.

---

सूक्ष्मदर्शी | १२ जानेवारी, दुपारी ३.३०

मी पुण्यात हयातभर अवायुजीवी (हवेशिवाय जगणाऱ्या) सूक्ष्मजंतूंवर काम केलं, आता निवृत्त आहे. तुम्ही मोजमापं नीट दिलीत, त्यामुळे बोलायला सोपं जातंय. थोडं लांबेल, पण विषयच तसा आहे.

पहिल्यांदा 'सवय' हा शब्द बाजूला ठेवू या. सवय बैलाला लागते. बैल तोच राहतो, वागणं बदलतं. टाकीत असं फार थोडं घडतं. काही जिवाणू नवं अन्न दिसल्यावर त्यासाठीचं एंझाइम तयार करायला लागतात, हे काही तासांत किंवा एखाद्या दिवसात होतं. कधीमधी जनुकांची देवाणघेवाण होते, पण ती दुर्मीळ, तिच्या भरवशावर प्लँट चालत नाही. तुमच्या टाकीत जे व्हायला हवं ते तिसरंच आहे: लोकसंख्या बदलणं.

एखाद्या गावात दोनशे घरं कुंभारांची आणि दोन सुतारांची असावीत, आणि एके दिवशी मातीचं काम बंद होऊन गाडीभर लाकूड यावं, तसं झालंय. कुंभार सुतार होत नाहीत. त्या दोन घरांची वीस घरं व्हावी लागतात, आणि त्याला लेकरं वाढायला लागेल तेवढा वेळ लागतो. तोवर लाकूड अंगणात साचत राहतं. तुमचं ६,८०० व्हीएफए म्हणजे ते साचलेलं लाकूड. १७ वर्षांचं कल्चर कमजोर नव्हतं. मळीच्या कामात ते तरबेज होतं, म्हणजेच त्यात मळीला लागणारेच बहुसंख्य होते.

आता मक्याकडे बघा. मक्यात साधारण दोन तृतीयांश स्टार्च, ८-९ टक्के प्रथिनं आणि ४ टक्क्यांच्या आसपास तेल. स्टार्च अल्कोहोल होऊन गेला की उरलेल्यातला तेलाचा आणि प्रथिनांचा वाटा तिप्पट होतो. बराचसा भाग डिकँटरच्या चोथ्यात जातो, पण बारीक तेल स्लॉपबरोबर निसटतं. मळीच्या स्पेंटवॉशमध्ये तेल जवळजवळ नसतंच. पहिले पाच दिवस जो गॅस आला तो ग्लिसरॉल, लॅक्टिक आम्ल, उरलीसुरली साखर अशा सोप्या घासांचा. ते खाणारे टाकीत भरपूर होते. तेलाचं काय झालं? त्याचे तुकडे होऊन लांब साखळीची मेदाम्लं मोकळी झाली, मक्यात मुख्यतः लिनोलेइक आणि ओलेइक. ही मेदाम्लं गाळाच्या कणांवर लेप देतात. आतल्या जिवांपर्यंत अन्न पोचत नाही, गॅस बाहेर पडत नाही, कण तरंगतो. तुम्ही बोटांवर घेतलात तो हाच लेप.

ही मेदाम्लं तोडणारे सिंट्रोफोमोनासच्या कुळातले जिवाणू मुळात संथ, आणि त्यांची आणखी एक अडचण आहे. मेदाम्ल तोडताना हायड्रोजन बाहेर पडतो आणि तो शेजारी साचला की त्यांचं काम थांबतं, कारण मग त्या क्रियेतून ऊर्जाच सुटत नाही. त्यांना अगदी जवळ असा कोणी लागतो जो हायड्रोजन हातोहात खाऊन मिथेन करील. प्रोपिऑनिक आम्ल तोडणाऱ्यांची अट तर आणखी कडक: हायड्रोजनचा दाब वातावरणाच्या दहा हजाराव्या हिश्शाच्या खाली हवा. ही भागीदारी इतकी घट्ट असते की अल्कोहोलवर मिथेन करणारा एक 'जिवाणू' वर्षानुवर्षं एकच जीव म्हणून अभ्यासला गेला. १९६७ मध्ये ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ते दोन जीव होते. एक हायड्रोजन टाकायचा, दुसरा तो उचलायचा. वेगळे केले तर पहिला अल्कोहोलवर नीट वाढेना आणि दुसऱ्याला अल्कोहोल खाताच येईना.

तुमच्या हायड्रोजन सल्फाइडच्या निरीक्षणाला मी फार महत्त्व देते. मळीच्या स्पेंटवॉशमध्ये सल्फेट असतं. ते वापरणारे जिवाणू प्रोपिऑनिक आम्लही खातात. त्यांना हायड्रोजन उचलणाऱ्या शेजाऱ्याची गरज नसते, सल्फेट हाताशी असतं. मक्यात सल्फेट खूपच कमी. म्हणजे तुमच्या टाकीत प्रोपिऑनिक खाणाऱ्यांचा एक गट एकदम बेकार झाला असण्याची शक्यता आहे. ज्या सल्फाइडला आपण कायम शत्रू म्हणतो, त्याच्या मागे उभा असलेला माणूस कामाचा होता.

किती दिवस, हा तुमचा प्रश्न. याला गणित आहे. टाकी ४,५०० घनमीटर, रोज २२५ आत आणि २२५ बाहेर, म्हणजे २० दिवसांत टाकीभर पाणी बदलतं. रोज ५ टक्के जीव ओव्हरफ्लोबरोबर जातात. १० दिवसांत दुप्पट होणारा जीव रोज साधारण ६.९ टक्क्यांनी वाढतो. वाढ ६.९, गळती ५, हातात उरतात १.९. म्हणजे तो टाकीत दुप्पट व्हायला १० नाही, ३६ दिवस घेतो. स्लॉप पातळ होता म्हणून तुम्ही भार कमी धरलात, पण घनमीटर तेवढेच ठेवलेत, त्यामुळे गळती तेवढीच राहिली. भाराचा हिशोब बरोबर होता. तो मळीवरच्या जिवांसाठी बरोबर होता.

फीड बंद ठेवा. घाबरू नका, लेपाखालचे जीव मेलेले नसतात. पोर्तुगालमध्ये ब्रागा इथल्या मिन्हो विद्यापीठात यावर चांगलं काम झालंय: मेदाम्लांनी माखलेला, बंद पडल्यासारखा दिसणारा गाळ नुसता बिनफीडचा ठेवला तर तो अंगावरचं तेल पचवून मिथेन देतो आणि नंतर पूर्वीपेक्षा चांगला चालतो.

---

जाजमऊ_ते_जळगाव | १२ जानेवारी, रात्री ९.१०

मॅडम, गावाची उपमा मी आमच्या पोरांना सांगणार आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी कानपूरला जाजमऊत होतो. गंगा कृती योजनेत डच सहकार्याने तिथे युएएसबी उभे राहिले, आधी ५ एमएलडीचा (रोज ५० लाख लिटरचा) प्रायोगिक, मग ३६ एमएलडीचा. त्या मोठ्या प्लँटमध्ये चामड्याच्या कारखान्यांचं ९ एमएलडी पाणी आणि शहराचं २७ एमएलडी सांडपाणी एकत्र यायचं, एकास तीन. त्या एकास तीनमध्ये सगळं शहाणपण आहे. चामड्याच्या पाण्यात सल्फेट, सल्फाइड, क्रोमियम. एकटं दिलं तर कुठलंही कल्चर टिकवणं कठीण. घरगुती पाणी मिसळल्याने विषाची धार कमी होते आणि रोज ताजे जीवही येत राहतात.

दादा, तुम्हीही मक्याला एकटं देऊ नका. मळीचा स्पेंटवॉश जोडीला ठेवा. मळीत पोटॅश आहे, लोह आणि इतर खनिजं आहेत. मक्यात तेल आणि नत्र आहे पण सल्फेट कमी. एकमेकांचं उणं भरून निघतं. तुमचा पीएच अजून ७.१ आहे तो त्या जुन्या पोटॅशच्या क्षारांवर उभा आहे, आणि नुसता मका चालू ठेवलात तर तेही २० दिवसांच्या हिशोबाने धुऊन जाणार.

---

हापूसवाली_रत्नागिरी | १३ जानेवारी, सकाळी ११.५५

तुमच्या एवढ्या मोठ्या टाक्यांपुढे माझं छोटं आहे, पण अनुभव अगदी हाच म्हणून लिहिते. आमचं घरगुती कॅनिंग आहे. सालं, बाठ्यांवरचा गर, धुण्याचं पाणी यासाठी १५ घनमीटरचा बायोगॅस बांधला. वर्षभर तो शेण आणि स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालतो. पहिल्या वर्षी मे महिन्यात एकदम दोनशे किलो सालं घातली. तीन दिवसांत आंबूस वास, शेगडी पेटेना, निळी ज्योत जाऊन फुस्स. चुना घातला, एक दिवस बरं वाटलं, परत तेच.

तेव्हा कोणी सांगितलं म्हणून ताजं शेण घातलं. महिना गेला, हंगाम संपला. पुढच्या वर्षी शेजारच्या वाडीतल्या चालू गोबर गॅसची रबडी, म्हणजे बाहेर पडणारी स्लरी, चार पिंपं आणली आणि एप्रिलच्या सुरुवातीपासून रोज दोन किलो, मग चार किलो असं सालांचं प्रमाण वाढवलं. मे महिन्यात शंभर किलोपर्यंत गेले, काही झालं नाही.

मला आजही प्रश्न आहे: ताज्या शेणाने का नाही झालं आणि रबडीने का झालं? शेण तर दोन्हीकडे गाईचंच.

---

सूक्ष्मदर्शी | १३ जानेवारी, संध्याकाळी ६.२०

ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. गाईच्या पोटात मिथेन होतो तो मुख्यतः हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइडपासून. अ‍ॅसेटिक आम्ल तिथे मिथेनच्या वाटेला जात नाही, ते गाय स्वतः शोषून घेते, तिचं पोषणच त्यावर आहे. शिवाय अन्न कोठीपोटात एक-दोन दिवसच राहतं, आणि अ‍ॅसेटिक खाऊन मिथेन करणारे इतके संथ की तेवढ्या वेळात त्यांचा जम बसत नाही. म्हणून ताज्या शेणात हायड्रोजनवाले पुष्कळ, अ‍ॅसेटिकवाले नाममात्र. आंब्याच्या साखरेतून बदाबदा बनतं ते मात्र अ‍ॅसेटिक आणि त्याचे भाऊबंद. रबडीत हे अ‍ॅसेटिकवाले महिनोन्महिने वाढलेले असतात. विरजण लावताना आपण ताजं दूध घालत नाही, कालचं दही घालतो.

या अ‍ॅसेटिकवाल्यांतही दोन स्वभाव आहेत. मिथॅनोथ्रिक्स, जुनं नाव मिथॅनोसीटा, थोडक्या अ‍ॅसेटिकवरही जगतो, तळ पुसून खातो, पण अगदी संथ. मिथॅनोसार्सिना भरल्या ताटावर वेगाने वाढतो, मिथेनॉलसारखं दुसरंही खातो, पण ताट रिकामं होत आलं की मागे पडतो. व्हीएफए कायम कमी असलेल्या शांत टाकीत पहिल्याचं राज्य, आणि व्हीएफए वर राहिलं, अमोनिया वाढला की दुसऱ्याचं. हे मिथेनवाले जिवाणू नव्हेतच, आर्किया आहेत. वोस आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये ही वेगळी शाखा दाखवली ती याच मंडळींच्या अभ्यासातून.

---

लिंकोपिंगकर | १५ जानेवारी, रात्री १.१०

मी मूळचा बार्शीचा, आता स्वीडनमध्ये लिंकोपिंगला बायोगॅसमध्ये काम करतो. इथल्या शहर बस बायोगॅसवर चालतात. धान्याच्या स्लॉपचा प्रश्न इकडे जुना आहे, इथे तो गव्हाचा असतो. लिंकोपिंगच्या विद्यापीठात गव्हाच्या स्लॉपवर चालणाऱ्या टाक्यांचा अभ्यास झाला. काही महिने बऱ्या चालून टाक्या आंबायच्या, आणि त्यामागे बऱ्याचदा कोबाल्ट, निकेल, लोह यांची टंचाई निघायची. मिथेन तयार करणाऱ्या शेवटच्या एंझाइमच्या गाभ्यात निकेल बसलेलं असतं, कोबाल्ट बी-१२ सारख्या रेणूंत. मात्रा चिमूटभर, पण ती नसेल तर बाकी सगळं असून उपयोग नाही. मळीवर तुम्हाला हे कधी जाणवलं नसेल, कारण उसातून ते येतच होतं. जाजमऊवाल्या काकांचा मळी जोडीला ठेवण्याचा सल्ला म्हणूनही बरोबर आहे.

दुसरं, अमोनियाकडे आत्तापासून लक्ष ठेवा. प्रथिनं पचली की अमोनिया सुटणारच. न रुळलेल्या टाकीत अमोनियम नत्र लिटरला दीड ते तीन हजार मिलिग्रॅमच्या टप्प्यात त्रास सुरू होतो, आणि घातक असतो तो मोकळा अमोनिया. ३५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम १ टक्का मोकळा, पीएच ८ झाला तर १० टक्के. म्हणून टाकी आंबली म्हणून सोडा ओतताना दोनदा विचार करा, आम्लाचं दुखणं घालवताना अमोनियाचं ओढवून घ्याल.

खूप अमोनिया चढला तरी काही टाक्या चालतात, तिथे वाटच बदललेली असते. अ‍ॅसेटिक थेट मिथेन होत नाही. एक गट त्याचं हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड करतो, दुसरा त्याचं मिथेन करतो. हे उप्सालाच्या कृषी विद्यापीठात खोलात अभ्यासलं गेलंय. मध्यम तापमानाला त्या पहिल्या गटाला दुप्पट व्हायला तीन-चार आठवडेही लागतात. मॅडमचं गळतीचं गणित इथे लावून बघा, २० दिवसांच्या टाकीत हा पाहुणा टिकूच शकत नाही.

---

कृष्णाकाठचा_केमिस्ट | २ फेब्रुवारी, रात्री १०.४५

सगळ्यांचे मनापासून आभार. ११ तारखेच्या रात्रीच फीड बंद केलं होतं. पुढचं नोंदवहीतून उतरवतो.

पहिले चार दिवस गॅस उतरत १,६०० पर्यंत आला. साहेब विचारत होते की बंद ठेवून काय मिळणार. पाचव्या दिवशी एक थेंब फीड नसताना गॅस वाढला. १,९००, मग २,२००, मग दोन दिवस २,४००. रात्रीच्या शिफ्टला मी स्वतः मीटरपाशी उभा होतो. मॅडम, लेपाखालची माणसं जिवंत होती. फेस बसत गेला, पिवळा थर आधी करडा झाला, मग तुटून खाली गेला.

२३ जानेवारीला व्हीएफए ३,९००. ओळखीच्या एका कॉलेजात गॅस क्रोमॅटोग्राफवर नमुना लावला, तर अ‍ॅसेटिक बरंच खाली आणि उरलेल्यात मोठा वाटा प्रोपिऑनिकचा. तुम्ही म्हणाला होतात तसंच. २४ तारखेला १ नंबरमधून ३०० घनमीटर गाळ आणून सोडला. २७ पासून रोज ६० घनमीटर मळीचा स्पेंटवॉश आणि फक्त १० घनमीटर स्लॉप. आज व्हीएफए ३,१००, अल्कॅलिनिटी ९,१००. ०.३४.

पुढे वाढवायचं कधी हे कसं ठरवू? आणि पुढच्या वेळी टाकीवर प्रयोग न करता आधीच कळेल असं काही आहे का?

---

सूक्ष्मदर्शी | ३ फेब्रुवारी, दुपारी १२.१५

वाढवायचं तेव्हाच, जेव्हा भागाकार ०.३ च्या खाली सलग पाच-सहा दिवस राहील, आणि एका वेळी १०-१५ घनमीटरच. कॅलेंडर बघून वाढवू नका.

आधी कळण्यासाठी बाटल्या लावा, तुमच्या लॅबमध्ये होईल. सलाईनच्या काचेच्या ५०० मिलिच्या बाटल्या, रबरी बूच, सलाईनचीच नळी. बाटलीत ३०० मिलि गाळ. तीन-चार दिवस तसाच ठेवा म्हणजे त्याचं स्वतःचं शिल्लक अन्न संपेल. मग २० मिलि स्लॉप, म्हणजे १.२ ग्रॅम सीओडी. एका बाटलीत काहीच घालू नका, तिचा गॅस वजा करायचा. नळी दुसऱ्या, उलट्या टांगलेल्या बाटलीत सोडा, तिच्यात ३ टक्के कॉस्टिक सोड्याचं पाणी. कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक शोषून घेतं आणि जेवढं पाणी मोजपात्रात पडेल तेवढा मिथेन. १ ग्रॅम सीओडी पूर्ण पचली तर ३५० मिलि मिथेन, म्हणजे तुमची कमाल ४२० मिलि, खोलीच्या तापमानाला थोडी जास्त. बाटल्या ३५ अंशांच्या पाण्यात ठेवा आणि रोज एकाच वेळी मोजा. १ नंबरचा गाळ एका संचात, २ नंबरचा दुसऱ्यात.

---

नवखा_इटीपी | ३ फेब्रुवारी, दुपारी २.००

मॅडम, बाटलीत हवा राहते तिचं काय करायचं?

---

सूक्ष्मदर्शी | ३ फेब्रुवारी, दुपारी २.३५

डायजेस्टरचाच गॅस नळीने बाटलीत मिनिटभर सोडा, हवा निघून जाते. हे खिडकी उघडी ठेवून करा, ज्योतीपासून लांब, आणि त्या गॅसमधला सल्फाइड नाकात घेऊ नका. थोडी हवा राहिलीच तर घाबरू नका. गाळातले हवा चालणारे जीव ती आधी संपवतात.

---

कृष्णाकाठचा_केमिस्ट | १६ मार्च, रात्री ९.३०

बाटल्या दोनदा लावल्या. दुसऱ्या खेपेचं लिहितो, पहिल्या खेपेत एक बूच गळत होतं.

१ नंबरचा गाळ, ज्याने मका कधी पाहिलेला नाही: पहिल्या दिवशी ६० मिलि, मग जवळजवळ शांत. आठ दिवस रोज चार-पाच मिलि. नवव्या दिवशी पाणी पुन्हा पडायला लागलं आणि अठराव्या दिवशी ३३० वर थांबलं.

२ नंबरचा सावरलेला गाळ: दुसऱ्याच दिवसापासून सुरू, आठव्या दिवशी ३४०.

शेवटचा आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा! फरक फक्त मधल्या त्या शांत दिवसांचा. त्या आठ दिवसांत मी टाकीत रोज २२५ घनमीटर ढकलत होतो. बाटली समोर ठेवून साहेबांना दाखवलं तेव्हा त्यांना दोन मिनिटांत पटलं, जे माझ्या रिपोर्टने पटलं नव्हतं.

टाकीचं आजचं: मळी ६० घनमीटर, स्लॉप १०० घनमीटर, गॅस ४,२००, व्हीएफए २,१००, अल्कॅलिनिटी ८,६००, म्हणजे ०.२४. अमोनियम नत्र १,३५०, आठवड्यातून दोनदा बघतो. मध्ये एकदा १५ ऐवजी ४० घनमीटरची उडी मारली होती, तर चौथ्या दिवशी फेस आला. लगेच मागे गेलो.

एक काळजी आहे. एप्रिलमध्ये गाळप संपेल, मळीचा साठा जूनपर्यंत. मग दोन-तीन महिने सगळं बंद. एवढ्या कष्टाने जमवलेला हा गाळ तोवर जगेल का?

---

जाजमऊ_ते_जळगाव | १७ मार्च, सकाळी ८.५०

जगेल. मिथेनवाल्यांची उपासमार सोसण्याची ताकद मोठी असते. साखर कारखान्यांचे डायजेस्टर हंगामामागून हंगाम त्याच गाळावर सुरू होतात, ते याच जोरावर. युएएसबीतले गाळाचे दाणे तर वर्षभर ठेवून दुसऱ्या प्लँटला बी म्हणून जातात. गाळ टाकीतच बंद राहू द्या, हवा आणि पावसाचं पाणी आत जाऊ देऊ नका. रिकामी करायची वेळ आलीच तर उघड्या लॅगूनमध्ये सोडू नका. हंगामाला पहिले दोन आठवडे पाव भारावर.

---

सूक्ष्मदर्शी | १७ मार्च, सकाळी १०.३०

मी एक जोडते. बंद करण्याआधी शेवटचे पंधरा दिवस स्लॉप बंद करू नका, थोडा चालू ठेवा, म्हणजे तेल खाणारे भरल्या संख्येने झोपी जातील. आणि चार-पाच बाटल्या गाळ लॅबमध्ये, साध्या तापमानाला, बूच लावून ठेवा. सप्टेंबरमध्ये त्यातली एक उघडून स्लॉपवर लावा. टाकीत काय शिल्लक आहे ते महिनाभर आधी कळेल.

---

हापूसवाली_रत्नागिरी | १७ मार्च, दुपारी १.०५

दादा, वाचून फार बरं वाटलं. मी यंदा १ एप्रिलच्या आधीच दोन किलो सालांनी सुरुवात केलीय, बाजारातल्या कर्नाटकच्या आंब्याच्या. मॅडम, मीही एक सलाईनची बाटली मिळवलीय. कॉस्टिक कोण देईल ते बघते.

---

कृष्णाकाठचा_केमिस्ट | १७ मार्च, रात्री ८.४०

ताई, पत्ता व्यनि करा, कॉस्टिकचं द्रावण आणि नळ्या पाठवतो. पाच बाटल्या आज भरून कपाटात ठेवल्या, प्रत्येकीवर तारीख आणि '२ नंबर, मका' असं लिहिलंय. सप्टेंबरमध्ये पहिली उघडली की आकडे याच धाग्यावर टाकतो.